रायचा तिखटपणा दाण्याचा की स्पिरिटचा, हे आधी ओळखा

चांदूर बाजारच्या एका भावाचा प्रश्न आहे. अमेरिकेहून आलेल्या आतेभावाने राय व्हिस्कीची (राय नावाच्या धान्याच्या व्हिस्कीची) बाटली आणली, मित्रांनी मिळून बर्फ अन सोडा टाकून पिली, अन सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं की तिखट आहे, घशाला लागते, वास औषधासारखा आहे. मग जगभरात लोक हिच्यामागे एवढे काहून लागले आहेत, चव घ्यायची खरी पद्धत कोणती, अन अर्धी उरलेली बाटली दहा वर्षं ठेवली तर अजून भारी होते का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी बरीच वर्षं हॉटेलच्या बारमागे काढली, नंतर टेस्टिंगच्या कामात होतो, आता काटोलकडे गावी संत्र्याची बाग पाहतो. त्यामुळे उत्तर आपल्या इकडच्या हवेत अन इकडच्या पाण्यात लागू पडेल असंच देऊन राहिलो. व्हिडिओत सांगतात की व्हिस्की रूम टेम्परेचरला प्या. त्यांची रूम २० अंशाची असते भाऊ, आपली मे महिन्यात रात्री दहा वाजतासुद्धा ३५ च्या खाली येत नाही, अन सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिले तर तुमच्या मित्रांची जीभ खोटं बोलली नाही. राय तिखटच असते. पण त्या ग्लासात तिखटपणा तीन जागेवरून आला होता अन तुम्ही तिन्ही एकत्र मोजले. एक अल्कोहोलचा म्हणजे स्पिरिटचा, एक सोड्याचा (सोड्याचे बुडबुडे स्वतःच जिभेला टोचतात, साधा सोडा पिऊन पाहा), अन तिसरा खुद्द राय नावाच्या धान्याचा. पैसे या तिसऱ्याचेच मोजलेले असतात. पहिले दोन बाजूला सारता आले की राय कळते, माझ्या मते टेस्टिंग म्हणजे एवढंच आहे, बाकी ग्लास गोल फिरवणं वगैरे नंतरच्या गोष्टी.

राय हे गव्हाच्याच घराण्यातलं धान्य, थंडी सोसणारं, हलक्या रेताड जमिनीतही येणारं. पोलंड-जर्मनीकडे त्याची काळी भाकरीसारखी ब्रेड खातात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाकडे जर्मन अन स्कॉट-आयरिश शेतकरी वसले, त्यांच्या शेतात राय होतं म्हणून दारूही रायची झाली, मक्याची बर्बन जोरात यायच्या आधीची ही गोष्ट. जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्षपदावरून उतरल्यावर माउंट व्हर्नन इथे त्याची स्वतःची डिस्टिलरी होती, १७९९ साली तिथे जवळपास ११,००० गॅलन व्हिस्की निघाली, मिश्रण ६० टक्के राय, ३५ टक्के मका अन ५ टक्के माल्ट केलेलं, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव. ती लाकडात मुरवलेली नसायची, पाण्यासारखी पांढरीच विकली जायची. व्हिस्कीला रंग येतो तो पिंपातून, हे यावरून लक्षात ठेवा. पुढे १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी झाली, रायवाल्या बहुतेक डिस्टिलऱ्या बसल्या, बंदी उठल्यावर लोकांची जीभ गोड अन हलक्या मालाकडे वळली होती. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कॉकटेलवाल्या बारमुळे रायला परत दिवस आले.

आता बाटलीचं लेबल वाचा, कारण राय राय म्हणत दोन अगदी वेगळ्या चवीच्या बाटल्या येतात. अमेरिकेचा कायदा सांगतो की मिश्रणात किमान ५१ टक्के राय पाहिजे, माल आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात ठेवला पाहिजे, पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल नको अन बाटलीत ४० पेक्षा कमी नको. 'स्ट्रेट' लिहिलं असेल तर किमान दोन वर्षं पिंपात राहिलेली अन वरून रंग-वास न घातलेली. 'बॉटल्ड इन बॉन्ड' असेल तर १८९७ च्या कायद्याप्रमाणे एकाच डिस्टिलरीचा एकाच हंगामाचा माल, किमान चार वर्षं मुरलेला अन बरोबर ५० टक्के. अमेरिकन प्रूफचा आकडा निम्मा केला की टक्के निघतात, म्हणजे १०० प्रूफ म्हणजे ५०. आपल्या इकडच्या बाटलीवर ४२.८ असते, तेव्हा ५० वाली घशाला जास्त लागणारच, त्यात रायचा दोष काहीच नाही.

तर अमेरिकेतल्या केंटकी राज्याकडच्या बऱ्याच राया त्या ५१ टक्क्यांच्या आसपासच असतात, बाकी मका अन थोडं जव. रिटनहाऊस घ्या, ती याच गटातली. गोडवा आधी येतो, मिरं-लवंग मागून येते, बर्बन पिणाऱ्याला ती परकी वाटत नाही. दुसरीकडे इंडियानातल्या लॉरेन्सबर्गच्या मोठ्या डिस्टिलरीची ९५ टक्के राय अन ५ टक्के माल्टवाली पद्धत, बुलेट राय ही त्या मिश्रणाची, ४५ टक्के अल्कोहोलची. हिच्यात हिरवेपणा असतो. पुदिना, ओलं गवत, अन सगळ्यात ओळखीचा वास म्हणजे शेपू. हो, आपली शेपूची भाजीच. तुमच्या मित्रांना जो 'औषधाचा' वास आला तो बहुतेक हाच शेपू-पुदिना-लवंगतेलाचा एकत्र वास असावा, आपल्याकडे लवंगेचं तेल दात दुखला तेव्हाच बाहेर निघते म्हणून डोक्यात औषध बसलं आहे. बाटली कॅनडाची असेल तर मात्र थांबा, तिथल्या कायद्यात 'राय' लिहायला रायचं किमान प्रमाणच ठरवलेलं नाही, तीन वर्षं लाकडात राहिली की झालं. ती वाईट असते असं माझं म्हणणं नाही, पण राय कशी लागते हे शिकायला ती बाटली घेऊ नका.

धान्याचा तिखटपणा येतो कुठून, हे थोडं सांगतो, कारण कळलं की शोधता येते. रायच्या दाण्यात फेरुलिक आम्ल असते, आंबवताना यीस्ट त्यातून लवंगेच्या वासाचं एक द्रव्य तयार करते. पुन्हा ओकच्या लाकडात युजेनॉल असते, जे लवंगेतलं मुख्य द्रव्य आहे, म्हणजे लवंग दोन्हीकडून येते. जाळलेल्या लाकडातून व्हॅनिला येतो, जळक्या साखरेचा वास येतो, अन ओल्या खोबऱ्याचाही थोडा. नव्या पिंपाचा हा गोडवा अन दाण्याचा तो झणका, या दोघांची ओढाताण मला रायमध्ये फार आवडते, स्कॉचमध्ये मला ती अशी सापडत नाही. दाण्यात चिकट द्रव्यंही खूप असतात, डिस्टिलरीवाल्याला रायचं मिश्रण म्हणजे डोकेदुखी, टाकीत फेस होते, सगळं खळीसारखं चिकट होऊन बसते. तरी लोक बनवतात यातच काय ते समजा.

आता गर्मीचं. हा मुद्दा कोणी सांगत नाही म्हणून मी सविस्तर सांगतो. २० अंशावर अल्कोहोलची जेवढी वाफ उठते त्याच्या जवळपास तिप्पट ४० अंशावर उठते. म्हणजे नवतपात तुम्ही ग्लास नाकाला लावला की पहिले स्पिरिटच नाकात घुसते, नाक बधिर होते, मग मागचा शेपू काय अन संत्रं काय, काहीच येत नाही. म्हणून लोक बर्फ टाकतात, अन बर्फाने उलटं होते, वासच झोपून जातात, गोडवा कमी लागते अन लाकडाचा कडूपणा तेवढा वर राहते. दोन्हीच्या मधलं पाहिजे, २० अंशाच्या आसपास. माझी पद्धत सोपी आहे, बादलीत माठाचं थंड पाणी घ्यायचं अन बाटली त्यात अर्धा-पाऊण तास उभी ठेवायची, बूच पाण्याच्या वर राहिलं पाहिजे. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात माठाचं पाणी भल्लं थंड होते, फ्रीजची गरज पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत याच्या उलट, रात्री पारा १०-१२ वर येते तेव्हा ग्लास हातात धरून थोडा गरम होऊ द्या. खरं सांगू का, रायची ओळख करून घ्यायचीच असेल तर कोजागिरीनंतर ते शिवरात्रीपर्यंतचा काळ धरा.

जागा. कूलर बंद करा. खसच्या ताट्यांचा ओला वास मला स्वतःला खूप आवडतो, पण तो सगळ्या खोलीत भरलेला असताना राय हुंगण्यात काही अर्थ नाही. उदबत्ती, फिनाईल, मच्छरची कॉइल, बाजूला फोडणी, हे सगळं नको. स्लॅबवर बसा, वारा पडलेला असेल तर उत्तम.

अन खर्रा. हे मी हात जोडून सांगतो, कारण आपल्या इकडे चव बिघडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. सुपारी, तंबाखू अन चुना तोंडात घोळवल्यावर जीभ बराच वेळ कामाची राहत नाही, सकाळपासून खर्रा चालू असेल तर त्या दिवशी टेस्टिंग सोडा, बाटली कुठे पळून नाही जात. सावजीचं जेवणही नंतर. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरचा जो सेन्सर चेतवते त्यालाच अल्कोहोलही चेतवते, त्यामुळे सावजी रस्सा खाऊन व्हिस्की पिली की नुसती आग होते अन रायचा दोष निघते. पण पोट रिकामं ठेवू नका, आधी साधं वरण-भात किंवा भाकर खाऊन घ्या अन मग तासभराने बसा.

ग्लास काचेचा, तोंडाशी थोडा निमुळता. ट्यूलिपच्या आकाराचा ग्लेनकेर्न मिळाला तर चांगलं, नाही तर दांडीवाला छोटा वाइन ग्लासही चालते. स्टीलचा पेला नको, प्लास्टिकचा तर अजिबात नको. भांड्याच्या साबणाचा लिंबाचा वास ग्लासात राहते अन मग लोक लिहितात की व्हिस्कीत लिंबू आलं, म्हणून नुसत्या गरम पाण्याने खळबळून उलटा ठेवून वाळवा, जुन्या फडक्याने पुसू नका. पाणी बोअरचं नको, आपल्या भागात ते जड अन खारट असते, माठाचंही नको, त्याला मातीचा वास असतो (प्यायला तोच चांगला, पण इथे नाही). कॅनचं साधं पाणी घ्या.

बाटली उघडायच्या आधी एक काम करा, अन हे टाळू नका. छोट्या वाट्यांमध्ये काळे मिरे ठेचून, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, शेपूची काडी, पुदिन्याची चुरगळलेली पानं, संत्र्याची ताजी साल, गुळाचा खडा, तव्यावर भाजलेली ज्वारी, शहाजिरे, असं मांडा अन एकेक हुंगा. इंग्रजी लेबलवर लिहिलेले वास आपल्याला येत नाहीत म्हणून लोकांना वाटते आपल्याला नाक नाही. नाक आहे, खेड्यातल्या माणसाचं नाक तर शहरातल्यापेक्षा तयार असते, मोहफुलं वेचणाऱ्याला कोणतं फूल आंबलं ते उचलायच्या आधीच कळते. फक्त कोणता वास कुठला, हे त्या वेळी डोक्यात वर आणून ठेवावं लागते. वाट्या हुंगून लगेच ग्लास हुंगला की शेपू आपोआप उठून समोर येते, मी नवीन पोरांना असंच शिकवत होतो.

मग ३० मिली ओता, जास्त नको. दहा मिनिटं तसाच राहू द्या. हुंगताना नाक ग्लासात घालायचं नाही, आधी हनुवटीजवळ धरा, तोंड किंचित उघडं ठेवा अन तोंडातून-नाकातून सोबत श्वास घ्या, म्हणजे स्पिरिटचा झटका बसत नाही. मग हळू हळू वर आणा. एक हुंगणं लांबलचक नको, छोटं छोटं, मधे आपल्याच शर्टाची बाही हुंगून नाक परत जागेवर आणायचं. पहिल्यांदा जो वास येईल तो लिहून ठेवा, चूक-बरोबर नंतर पाहू. मला ९५ टक्केवाल्यात नेहमी आधी हिरवं येते अन मग संत्र्याची साल, अन ५१ वाल्यात आधी व्हॅनिला-गूळ अन मागून मिरं.

पहिला घोट अगदी थोडा, थेंबभर, तो फक्त तोंडाला कळवायला की काय येऊन राहिलं आहे, त्याच्यावरून काही ठरवू नका. त्यानंतर अर्धा मिनिट थांबून दुसरा घोट, तो जिभेवर पसरू द्या, चावल्यासारखं करा, मग गिळा अन नाकातून श्वास सोडा. इथेच मुख्य परीक्षा आहे. अल्कोहोलची आग घशात अन नाकाच्या वरच्या भागात लागते, लवकर चढते अन लवकर उतरते. रायचा तिखटपणा जिभेच्या मधोमध अन कडेला बसते, थोडा उशिरा येते, अन आग गेल्यावरही मिऱ्यासारखा रेंगाळत राहते. अजूनही शंका असेल तर पाणी घाला. ५० टक्केवाल्या ३० मिलीत साडेसात मिली पाणी घातलं की ते ४० वर येते, २० मिली घातलं की ३० वर. कमी झाला तो स्पिरिटचा, उरला तो दाण्याचा. ब्लेंडर लोक, म्हणजे वेगवेगळ्या पिंपांचा माल मिसळून चव जुळवणारे, तर नाकाने तपासताना २० टक्क्यांपर्यंत खाली आणतात, तेव्हा पाणी टाकणं म्हणजे कमीपणा असं कोणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. पाणी चमच्या-चमच्याने घाला अन दर वेळी हुंगा, कुठे तरी एका ठिकाणी ग्लास एकदम खुलते अन त्याच्यापुढे पाणी गेलं की पातळ होते. ती जागा प्रत्येक बाटलीची वेगळी, ती शोधण्यातच खरी मजा आहे.

एक जुनी युक्ती अजून, तळहातावर दोन थेंब टाका अन दोन्ही हात चोळा. अल्कोहोल उडून जाते अन मागे दाणा अन लाकूड उरते. चांगल्या रायने चोळलेला तळहात भाजलेल्या धान्यासारखा वास देते, हुरड्याच्या दिवसात शेतात आगटीजवळ येते तसा थोडा. अन रिकामा ग्लास धुवू नका, सकाळी हुंगा. तेव्हा मध, जुनं लाकूड, कधी कोरडी तंबाखूची पानं, रात्री जे दबलेलं होतं ते निघते.

सोबत खायला साधे भाजलेले फल्लीदाणे, बिनमिठाचे. संत्र्याची फोड चालते, पण घोटाच्या आधी नाही, नंतर. संत्रा बर्फीचा छोटा तुकडा ९५ टक्केवाल्या रायसोबत मला खूप जमून आलेला वाटते, सालीचा कडवटपणा अन रायचं हिरवं एकमेकाला धरतात. चिवडा, आलुपोंगे, लिंबू-कांदा-सांबार (कोथिंबीर) घातलेले दाणे, हे सगळं दुसऱ्या दिवशी.

अन तुम्हाला नुसती पिऊन नाहीच आवडली तर ओल्ड फॅशन्ड नावाचं कॉकटेल करा, राय त्याच्यासाठी फार चांगली. ६० मिली राय, एक छोटा चमचा साखरेचा पाक, अँगोस्टुरा बिटर्सचे (मसाल्यांच्या कडू अर्काचे) दोन-तीन झटके, मोठा बर्फाचा खडा, अन वरून संत्र्याची साल ग्लासावर धरून पिळायची म्हणजे तिचं तेल उडते. आपल्या संत्र्याची साल पातळ अन ढिली असते, चाकूने तासायला जाऊ नका, हाताने सोललेला तुकडा घ्या अन आधी कोमट पाण्याने चोळून धुवा, बागेत फवारणी असते हे मी बागवाला म्हणून सांगतो. साखर अन बर्फ दोन्ही पडूनही रायची चव दबत नाही, म्हणून जुने बारवाले मॅनहॅटन अन सॅझरॅक या कॉकटेलसाठी हिलाच धरून बसतात.

एक गोष्ट कायद्याची. महाराष्ट्रात असल्या दारूसाठी वय २५ पूर्ण पाहिजे अन परमिट लागते. वर्धा अन गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, तेव्हा पाहुण्याकडे जाताना भेट म्हणून बाटली घेऊन त्या जिल्ह्यात शिरू नका. अन टेस्टिंगच्या रात्री गाडीची चावी घरातल्या दुसऱ्याकडे द्या, गावातल्या गावात असलं तरी.

राहिला तुमचा ठेवण्याचा प्रश्न. व्हिस्की पिंपात मुरते, बाटलीत नाही. चार वर्षांची राय तुम्ही दहा वर्षं ठेवली तरी ती चार वर्षांचीच राहणार, अन अर्धी रिकामी असेल तर उलट आतल्या हवेने हळूहळू फिकी होत जाणार. आपल्या इकडे तर टिनाच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीच्या अलमारीत ठेवली की गर्मीने आतली हवा फुगते, बूच ढिलं होते अन वास निघून जाते. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, अंधारात, उभी ठेवा. आडवी नको, एवढं अल्कोहोल बुचाला लागून राहिलं की बूच खराब होते. अर्धी उरली आहे ती एखाद्या छोट्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा, झाकणावर चिकटपट्टी गुंडाळा, उघडल्याची तारीख लिहा, अन पुढच्या हिवाळ्यात संपवा.